चेंडू तपासणारी वहिनी

पहिल्या बेसच्या मागच्या बाकांवर आता कुणी बसत नाही. पूर्वी तिथे सावली पडते म्हणून लोक अर्धा तास आधी येऊन रुमाल टाकून जागा धरत. गेल्या मोसमात तिथे एकाचा चष्मा गेला, एकीच्या डब्याचं झाकण गेलं, आणि रंगाच्या दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा डावा कान गेला. तो कान आधीपासूनच गेलेला होता असं त्याची बायको सांगते, पण तो विषय वेगळा. तिन्ही चेंडू एकाच हातातून सुटले होते आणि तो हात माझ्या वहिनीचा होता.

वहिनी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. अकरा वर्षं झाली. समोरून पट्टा सरकतो, पट्ट्यामागे पांढरा दिवा असतो, आणि दिव्यासमोरून औषधाच्या बाटल्या एकीमागून एक जातात. चांगल्या बाटलीला हात लावायचा नाही, ती आपली आपण पुढे जाते. जिच्यात बुडबुडा आहे, तडा आहे किंवा जिची मान वाकडी आहे, ती तेवढी उचलायची आणि डाव्या खांद्यावरून मागे टाकायची. मागे चार पावलांवर पत्र्याचं पिंप असतं. पिंपावर भिंतीला पाटी आहे, बाटल्या फेकू नयेत, उठून टाकाव्यात. ती लावणारे साहेब केव्हाच निवृत्त झाले. बायका वळूनही न बघता फेकतात आणि बाटली पिंपात फुटल्याचा आवाज आला की पुढच्या बाटलीकडे बघतात. इतक्या वर्षांत पाटीला एकही बाटली लागलेली नाही, यावरून काय ते समजावं.

याच कारखान्याचा बायकांचा बेसबॉल संघ आहे आणि त्यात वहिनी सहा मोसम दुसऱ्या बेसवर खेळते. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटर चेंडू मारते आणि पहिल्या बेसकडे पळत सुटते. जमिनीवरून आलेला चेंडू आपण उचलायचा आणि ती पोहोचायच्या आत पहिल्या बेसवर पाय रोवून उभ्या असलेल्या आपल्या बाईच्या हातात पोहोचवायचा. पोहोचला तर ती आउट. दुसऱ्या बेसवालीला तर पहिला बेस अगदी जवळ. नुसती गल्लीतल्या गल्लीत किल्ली टाकावी तसा चेंडू टाकायचा. संघात सगळ्यांत सोपी थ्रो हीच, असं सगळे म्हणतात. हे म्हणणाऱ्यांपैकी कुणी तिथे उभं राहिलेलं नाही.

घरी तिच्या खेळण्याचं कौतुक होतं असं नाही, पण तिच्या मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या संध्याकाळींना कुणी हात लावत नव्हतं. त्या दोन तासांत ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती, आणि डबा कुणी घासायचा हा प्रश्न तिच्या गावी नव्हता. दादा एकदा म्हणाला होता की एवढं खेळून मिळतं काय. तिने शांतपणे सांगितलं की दोन तास तू मला हाक मारत नाहीस, हे मिळतं. 

तर गेल्या मोसमाच्या आधी एक गोष्ट घडली. एका औषध कंपनीकडून अख्खा ट्रक परत आला. बाटल्यांच्या बुडाशी केसाएवढे तडे निघाले होते आणि खोक्यांवर शिक्का टेबल नंबर सातचा. सात नंबर म्हणजे वहिनी. तिला कुणी काही बोललं नाही. व्यवस्थापक एवढंच म्हणाले की होतं असं कधी कधी, आणि पुढे निघून गेले. ते ओरडले असते तर तिने घरी येऊन दोन दिवस त्यांची नक्कल केली असती आणि प्रकरण मिटलं असतं. ते चांगलं वागले, त्यामुळे ती गप्प झाली.

मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात तिच्याकडे एक मेलेला चेंडू आला. मेलेला म्हणजे इतका हळू की त्याला वाटेत मुंगीने मागे टाकलं असतं. वहिनीने तो उचलला, सरळ झाली, आणि टाकला तो थेट चष्म्यावर. मग झाकण आणि मग तो वादग्रस्त कान. गंमत अशी की जोरात आलेला चेंडू ती झेप घेऊन, गुडघ्यावर पडून, कशीही वाकडीतिकडी होऊन बरोबर पाठवत होती. जिथे विचार करायला वेळ नव्हता तिथे सगळं ठीक. वेळ मिळाला की घोटाळा.

आपली कप्तान म्हणजे पॅकिंगची सुपरवायझर. सगळे तिला मोजपट्टी म्हणतात, कारण ती खोक्याच्या दोरीपासून सुट्टीच्या कारणापर्यंत सगळं मोजून घेते. ती स्वतः तिसऱ्या बेसवर खेळते आणि तिथून बाकी आठ जणींचा खेळ बघते. तिसऱ्या चुकीनंतर तिने वहिनीला कँटीनमध्ये बोलावून घेतलं. साबण कारखान्याशी शेवटचा सामना तीन आठवड्यांवर होता. मोजपट्टी म्हणाली की त्या सामन्यात आणखी एक सोपा चेंडू बाकांवर गेला, तर तिथल्या तिथे बदली करीन, आणि पुढच्या मोसमापासून तू धावांची वही सांभाळ. दुसऱ्या बेसवर शिडी येईल.

शिडी ही लोडिंगमधली मुलगी. वय एकोणीस, उंची दारात न मावणारी, आणि स्वभावाने इतकी चांगली की तिचा रागही धड करता येत नाही. ती वहिनीला भेटून म्हणाली की ताई, मला नको हो तुमची जागा, तुम्हीच खेळा, मी आहेच. ते 'मी आहेच' वहिनीला रात्रभर टोचलं.

त्यानंतर उपायांचा सुकाळ झाला. कारखान्यातल्या प्रत्येकाला अचानक बेसबॉल कळू लागला. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला खांद्यात वात आहे. त्याने चोळायला मलम दिलं, त्याच्या वासाने टेबल नंबर सहा आणि आठ दोन दिवस शिंकत होते. हिशेबनीस म्हणाले टाकण्याआधी श्वास धरा. तिने धरला आणि सोडायला विसरली. पहिल्या बेसवर खेळणारी बाई भट्टीवर काम करते, तिला भट्टीच म्हणतात. तिने सांगितलं की तू काही कर, मी झेलीन. पण समोरच्या चेंडूपर्यंत हात पोहोचायला तो निदान त्याच दिशेला यावा लागतो, हेही तिने नम्रपणे जोडलं. दादाने गच्चीवर गादी उभी करून तिच्यावर खडूने भट्टीचं चित्र काढलं. चित्र इतकं वाईट होतं की वहिनीला हसू आवरेना, आणि त्या दिवशीचे वीसपैकी एकोणीस चेंडू शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर वाजले. विसावा टाकीच्या आत गेला.

आईने या सगळ्यात भाग घेतला नव्हता. ती म्हणजे वहिनीची सासू. तिचं मत असं की बाईमाणसाने खेळावं की नाही हा प्रश्न नाही, पण खेळायचं तर नीट खेळावं. ती स्वयंपाकघरात बसून वहिनीकडे बघत होती आणि बघताना बोलत नव्हती. आमच्या घरात हे लक्षण गंभीर समजतात.

चौथ्या दिवशी सकाळी वहिनीने तिच्या हातात चहाचा कप दिला. देण्याआधी कप हातात फिरवला, एकदा, दोनदा, बुडाशी अंगठा लावून पाहिला आणि मग दिला. आईने कप घेतला नाही.

"हे काय करतेस गं तू?" आई म्हणाली.

वहिनीने विचारलं काय करते.

"कप फिरवतेस. काल साबण फिरवलास. परवा दाराची किल्ली. तुझ्या नवऱ्याला डबा देताना डबा दिव्यासमोर धरलास. त्याच्यात तडा शोधतेस की काय?"

वहिनी हातातल्या कपाकडे बघत राहिली. मग हळूच खाली बसली. ट्रक परत आल्यापासून ती टेबलावर प्रत्येक बाटली दोनदा फिरवत होती, चांगल्यांनासुद्धा हात लावत होती, हे तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पट्टा हळू करायला लागतो म्हणून पुढच्या टेबलाच्या बायका कुरकुरत होत्या. आणि मैदानावर सोपा चेंडू हातात आला, की अंगठा आपोआप त्याच्या शिवणीवरून फिरायचा. जोरात आलेल्या चेंडूला फिरवायला फुरसत नसे. मेलेल्याला असे.

"म्हणजे बॅटरबाई पळत सुटलेली, आणि तू चेंडूची तपासणी करतेस," आई म्हणाली. "तो तुला कुठे औषध भरायला द्यायचाय?"

कारण सापडलं की रोग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मागच्या अंगणात त्या संध्याकाळी यायला हवं होतं. आई भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसली, मांडीत कपड्यांची टोपली घेतली, आणि म्हणाली टाक. आधी वहिनी चेंडू नकळत तपासत होती. आता कळून तपासायचा नाही असं ठरवल्यावर तिचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगठ्यावर. अंगठा उभा ठेवून टाकलेला चेंडू झाडाच्या कुंडीत गेला. अंगठा मुठीत घेऊन टाकलेला पायावर पडला. त्यात समोर सासू. सासूच्या दिशेने काहीही जोरात फेकायचा तिला सराव नव्हता, निदान उघड नव्हता. चेंडू टोपलीच्या आसपास यायचा आणि सासूच्या मानाखातर शेवटच्या क्षणी बाजूने निघून जायचा. आई प्रत्येक चेंडूनंतर तो कुठे गेला ते सांगायची. वहिनी म्हणाली की आई, मला दिसतंय. आई म्हणाली की दिसत असेल, पण त्याला दिसत नाहीये.

असे आठ दिवस गेले. मोजपट्टीने सरावाला शिडीला दुसऱ्या बेसवर उभं करून बघितलं आणि शिडीने बाराच्या बारा चेंडू भट्टीच्या हातात नेऊन ठेवल्यासारखे दिले. वहिनी घरी आली आणि सरळ जेवायला बसली. जेवताना तिने दादाला विचारलं की धावांची वही लिहायला अक्षर चांगलं लागतं का. दादा भला माणूस, तो म्हणाला तुझं छान आहे. तिने ताट उचललं आणि आत गेली. अक्षराची स्तुती करून इतका मार खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, मार म्हणजे अर्थात मौनाचा.

दुसऱ्या दिवशी आईने चहा ओतताना एक कप वहिनीकडे सरकवला. ओठांना लागतो तिथे त्याला तडा गेलेला. आईने मुद्दाम दिला की डोळ्यांचा नंबर वाढल्यामुळे, हे ती आजवर कबूल करत नाही. वहिनीने तो उचलला. नजर कडेवर गेली. पुढचं सगळं एका क्षणात झालं. तिने कप डाव्या खांद्यावरून मागे टाकला, न वळता, न बघता, आणि दुसऱ्या हाताने पुढचा कप ओढला. मागे, दाराजवळ, सहा पावलांवर कचऱ्याचा डबा होता. कप त्याच्या कडेलाही न लागता आत जाऊन फुटला.

वहिनीने चहाचा घोट घेतला आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं. ती माफी मागायला तोंड उघडणार इतक्यात आई उठून टोपली घेऊन अंगणात निघाली.

"चेंडू आण," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे तोंड करू नकोस."

वहिनी पाठ करून उभी राहिली. पहिल्या सहा चेंडूंपैकी सहा टोपलीत. आईने खुर्ची मागे घेतली. आठ पावलांवरून दहापैकी नऊ, आणि दहावा आईने ऐन वेळी टोपली हलवली म्हणून चुकला, असं वहिनी म्हणते. आई म्हणते ती हललीच नाही. चेंडू हातात आल्यावर अंगठा अजूनही शिवणीवरून फिरत होता, पण आता त्याला फिरू द्यायचं ठरलं. फिरून झालं की चेंडू खराब आहे असं समजायचं. कुठलाही चेंडू असो, तो खराबच. मग पुढचं हाताला माहीत होतं. अकरा वर्षांत त्याने चांगलं असं काही फेकलेलंच नव्हतं.

आठवड्याभरात बारा पावलांपर्यंत गेली. तेराव्या पावलाला चेंडू दमून टोपलीच्या अलीकडे पडायचा. बारा ही हद्द असं दोघींनी मान्य केलं. मोजपट्टीला सांगायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. आईचं म्हणणं, विचारलं तर ती नाही म्हणेल, मग विचारायचं कशाला. भट्टीला मात्र सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मला काय करायचंय. काही नाही, फक्त हसायचं नाही, असं वहिनीने सांगितलं. भट्टी म्हणाली ते सोडून दुसरं काहीही सांग.

सामन्याच्या दिवशी पहिल्या बेसच्या मागची बाकं रिकामी होती. आई घरून खुर्ची घेऊन आली आणि एकटी तिथेच बसली. साबणवाल्यांचे कपडे, अर्थातच, आपल्यापेक्षा स्वच्छ होते. अंपायर म्हणजे शाळेतले भूमितीचे मास्तर. आमचं मैदान आखूड आहे म्हणून बेसांमधली अंतरंही त्यांनी कमी करून आखलेली, आणि सामन्याआधी ती ते दोरीने पुन्हा मोजतात.

पहिल्या तीन डावांत वहिनीकडे एकच चेंडू आला, तोही बंदुकीतून सुटल्यासारखा. तो तिने पडून अडवला आणि बसल्या बसल्या भट्टीकडे पाठवला. बॅटर आउट. टाळ्या झाल्या. मोजपट्टीने टाळ्या वाजवल्या नाहीत, तिला ठाऊक होतं की परीक्षा ही नव्हे.

चौथ्या डावात मेलेला चेंडू आला. वहिनी पुढे आली, वाकली, चेंडू उचलला. अंगठा शिवणीवरून फिरला. मग तिने पहिल्या बेसकडे पाठ केली. लोकांना वाटलं तिला भोवळ आली. साबणवाल्यांची बॅटर पळता पळता तिच्याकडे बघायला लागली. आणि वहिनीने डाव्या खांद्यावरून चेंडू टाकला. तो छान कमान करून गेला आणि भट्टीच्या हातात उतरला. भट्टी हसत होती, पण झेलताना हसू नये असा नियम नाही. आउट.

नियमाचा प्रश्न मात्र निघालाच. साबणवाल्यांची कप्तान तरातरा आली. तिचं म्हणणं, हा आमचा अपमान आहे. आमच्या खेळाडूकडे पाठ करून आउट करतात म्हणजे काय, आम्ही काय बघण्याच्या लायकीचे नाही का. अंपायरनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. चष्मा काढला, पुसला, घातला. दोन्ही संघ भोवती जमले. वाचता वाचता त्यांनी एकदा पायाच्या अंगठ्याने मातीत एक कोन काढून पाहिला. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले की चेंडू कसा जावा हे लिहिलंय, खेळाडूचं तोंड कुठे असावं हे लिहिलेलं नाही.

मोजपट्टी वहिनीजवळ आली तेव्हा तिच्या मानेवरची शीर दिसत होती. तिने दबक्या आवाजात विचारलं की हे काय चाललंय. वहिनी म्हणाली, आउट चाललंय. मोजपट्टी म्हणाली की तमाशा चाललाय, लोक हसताहेत, पुढचा चेंडू सरळ तोंड करून टाक, नाहीतर शिडी तयार आहे. शिडी खरोखरच बाकाशेजारी उभी राहून हात गरम करत होती आणि मान हलवून वहिनीला 'मी नाही हो' अशा खुणा करत होती.

वहिनीला आता दोनच वाटा होत्या. तोंड करून टाकावं तर चेंडू आईच्या अंगावर, आणि तिथल्या तिथे वही. पाठ करून टाकावं तर आउट, पण कप्तानची आज्ञा मोडली म्हणून कदाचित तरीही वही. पाचव्या डावात चेंडू आला तेव्हा तिने फार विचार केला असं दिसलं नाही. पाठ केली. आउट. सहाव्यात पुन्हा. तिसऱ्या खेपेला लोक आधीच हसायला लागले आणि चेंडू भट्टीच्या हातात पडला की मैदानाच्या त्या बाजूने 'खराब' अशी आरोळी उठायला लागली. टेबल सहा आणि आठच्या बायका त्यात पुढे होत्या. मोजपट्टी तिसऱ्या बेसवर उभी राहून चेंडूकडे कमी आणि वहिनीच्या पाठीकडे जास्त बघत होती. तिने शिडीला दोनदा हात केला आणि दोनदा खाली घेतला. आउट करत असलेल्या बाईला बाहेर काढायचं कारण काय सांगणार.

शेवटचा डाव. आपण एका धावेने पुढे. साबणवाल्यांच्या दोघी आउट, दोघी बेसवर. तिसरी आउट झाली की सामना आपला. बॅटरने मारलेला चेंडू घसटत, रेंगाळत दुसऱ्या बेसच्याही पलीकडे निघाला. वहिनी धावत गेली, त्याला गाठलं, उचललं. अंगठा फिरला. तिथून भट्टीपर्यंत वीस पावलं तरी असतील. बाराच्या पुढे तिचा हात चालत नाही, हे मैदानावर तिघींनाच ठाऊक होतं, ती, भट्टी आणि बाकांजवळ एकटी बसलेली आई.

आई खुर्चीवरून उठली.

वहिनी चेंडू घेऊन पळायला लागली, पहिल्या बेसकडे. समोरून बॅटर त्याच बेसकडे पळत होती. अख्खं मैदान ओरडत होतं की टाक, अगं टाक. दादा ओरडत होता, शिडी ओरडत होती, साबणवाल्यासुद्धा नकळत ओरडत होत्या. वहिनी पळता पळता ओठांनी पावलं मोजत होती. मग एका जागी ती झटकन थांबली, गिरकी घेतली, पाठ केली आणि डाव्या खांद्यावरून चेंडू सोडला.

आता तिला मागचं काहीच दिसत नव्हतं. कारखान्यात काच फुटल्याचा आवाज येतो. इथे नुसता कल्ला. ती तशीच पाठ करून उभी राहिली, वळली नाही.

"झालं का?" तिने समोरच्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे खेळणाऱ्या बाईला, विचारलं.

शॉर्टस्टॉपला रडू येत होतं की हसू ते कळेना, पण तिने मान हलवली. अंपायरचा हात वर होता. आउट.

सामना जिंकल्याची बातमी मी इथेच देऊन टाकली असती, पण अंपायरनी दुसरा हात वर केला. चेंडू मारायच्या आधी आपल्या पिचरची, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्या बाईची, चूक झाली होती, म्हणून तो सगळा प्रकार रद्द, बॅटर परत. वहिनीच्या त्या थ्रोची नोंद कुठल्याही वहीत नाही. बॅटरने पुढचा चेंडू मारला तो सरळ वर, आकाशात, आणि खाली आला तो तिसऱ्या बेसवर, मोजपट्टीच्या डोक्यावर. असा झेल घ्यायला डोळे मिटलेले असले तरी चालतं. मोजपट्टीने दोन्ही हात वर केले, चेंडू हातात आला, आणि हातातून निघून गेला. बेसवरच्या दोघी धावत घरी, म्हणजे बॅटर उभी राहते तिथे, पोहोचल्या आणि दोन धावा झाल्या. आपण एका धावेने हरलो.

भट्टीने मोजपट्टीच्या पाठीवर हात ठेवला. आई खुर्ची उचलून म्हणाली की चला, चहाची वेळ झाली.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मोजपट्टी कँटीनमध्ये वहिनीच्या समोर येऊन बसली. पुढच्या मोसमाची यादी लिहायला कागद आणला होता. तिने तो टेबलावर पसरला. मग विचारलं, "पुढच्या वर्षीपण पाठच दाखवणार का?"

वहिनीने डब्याचं झाकण हातात घेतलं, एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, लावलं.

"तुम्ही झेलणार असाल तर तोंड दाखवते," ती म्हणाली.

भट्टी शेजारीच बसली होती. तिला पाणी पिताना ठसका लागला आणि तो बराच वेळ गेला नाही. मोजपट्टी हसली नाही. तिने पेन उघडलं आणि लिहायला घेतलं.

संध्याकाळी यादी सूचनाफलकावर लागली तेव्हा बघायला गर्दी झाली. शिडीचं नाव बाहेरच्या मैदानात होतं आणि ती सगळ्यांना आनंदाने दाखवत होती. दुसऱ्या बेससमोर वहिनीचं नाव शाईने लिहिलेलं, खाली रेघसुद्धा ओढलेली. तिसऱ्या बेससमोर कप्तानने स्वतःचं नाव लिहिलं होतं, पण पेन्सिलीने.